उलट्या बाजूची उडी

चेंडू जाळ्यात गेला, लोक ओरडत उभे राहिले, आणि दातवाल्याने जांभई दिली.

"कट!"

दिग्दर्शकाने कानांवरचे हेडफोन मानेवर ओढले. आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता तो. हळू बोलायचा, आणि त्या हळू बोलण्याचीच लोकांना धडकी भरायची.

"हे गृहस्थ कुणी आणलेत?"

कुणी बोट दाखवलं नाही. गरजच नव्हती. गर्दीची व्यवस्था बघणारी मुलगी आधीच कानापर्यंत लाल झाली होती.

"माझे वडील आहेत, सर. तुम्हीच म्हणाला होतात की हा चेहरा..."

"मी म्हणालो होतो तो चेहरा कुठाय?"

दातवाल्याने तोंड मिटलं.

तो चेहरा

तो चेहरा घरी राहिला होता, टीव्हीसमोरच्या खुर्चीत.

दातवाला कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवत, तो मेणात दात बसवून बघे आणि मग पक्की कवळी करून देई. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हातात घेऊन बसणारा हा माणूस फुटबॉलची मॅच लागली की स्वतःचा जबडा मुठीत धरून बसायचा. मॅच चालू असताना खुर्ची बदलायची नाही. कुणी दाराची बेल वाजवली तर ऐकू यायचं नाही. "ह्यांना दार उघडायला सांगा," बायको म्हणायची, "दारालाच ऑफसाइड देतील."

अशाच एका संध्याकाळी मुलीने लपून त्याचा व्हिडिओ काढला. पेनल्टी चालू होत्या. व्हिडिओत चेंडू नाही, मैदान नाही, फक्त बाप. ओठ हलतायत, डोळे विनवतायत, मान अशी पुढे आलीय की जणू टीव्हीत डोकं घालून तो स्वतःच गोल अडवणार आहे. हा व्हिडिओ दिग्दर्शकाने पाहिला आणि म्हणाला, "हा माणूस मला हवा."

घरात आनंदीआनंद. दातवाला सोडून.

कारण खेळांच्या सिनेमांबद्दल त्याची मतं होती. आणि त्याची मतं म्हणजे गळका नळ. कितीही पिळा, टपकणं थांबत नसे.

"सिनेमातली मॅच ही मॅचच नव्हे. ज्याचा शेवट कुणालाच ठाऊक नाही अशी जगात एकच गोष्ट आहे, ती तुम्ही लेखकाच्या हातात देता? समोरच्या टीमकडे बघा. सगळे दात-ओठ खातायत. त्यांना आईबाप नसतात? ते सराव करत नाहीत? आणि चेंडू हवेत असताना नायकाला आई आठवते! अरे, चेंडू हवेत असताना माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही."

"बाबा," मुलगी म्हणाली होती, "आयुष्यभर खोटे दात केलेत तुम्ही. खोट्याचं एवढं वावडं?"

"माझ्या खोट्या दातांनी लोक खरं जेवतात."

"मग माझ्या खोट्या मॅचने मी खरं जेवीन. हा शॉट झाला तर पुढच्या सिनेमात मी सरांची मुख्य असिस्टंट. नाही झाला तर परत विमा कंपनीत, कानाला फोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या. चालेल?"

तो आला. निमूटपणे आला.

पुन्हा

शॉट असा होता. फायनल, शेवटची पेनल्टी. कॅमेरा आधी गोलच्या मागे बसलेल्या म्हाताऱ्या चाहत्याच्या तोंडावर. तिथून त्याच्या खांद्यावरून सरकत मैदानाकडे, किक, गोल, आणि फिरून परत त्याच तोंडावर. सगळं एका दमात. मधे कुठेही कात्री लावायची नाही, हा दिग्दर्शकाचा हट्ट होता. म्हणजे तोंड बिघडलं तर गोल वाया, आणि गोल बिघडला तर तोंड वाया. स्टेडियम फक्त उजेड असेपर्यंत मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी तिथे खरी मॅच होती.

किक मारायला लांबून नायकासारखा दिसणारा एक निवृत्त खेळाडू आणला होता. पाय अजून तयार. दर वेळी चेंडू त्याच कोपऱ्यात, डावीकडे खाली. आणि गोलकीपर होता एका क्लबचा राखीव. त्याला एवढंच सांगितलं होतं की उजवीकडे पडायचं.

पुन्हा किक. चेंडू डावीकडे, कीपर उजवीकडे. दातवाल्याने ह्या वेळी अभिनय केला. डोळे असे वटारले की शेजारच्या बाईने विचारलं, "छातीत दुखतंय का हो?"

कट.

पुन्हा. ह्या वेळी तो हसला. काय करणार? धडधाकट माणूस, चेंडू कुठे येणार हे पक्कं ठाऊक असलेला, पोत्यासारखा उलट्या बाजूला पडत होता.

कट.

मुलगी त्याच्या शेजारच्या पायरीवर येऊन बसली. तिचा आवाज कोरडा होता.

"बाबा, सर म्हणालेत, जेवणानंतर उजेडात एकच टेक बसतो. तो गेला तर मी उद्यापासून येऊ नये."

"असं म्हणाला?"

"हळूच म्हणाले."

"पण बाळा, मला ठाऊक आहे गं गोल होणार. ठाऊक असलं की चेहरा येत नाही. तो काय मी खिशात ठेवतो?"

"मग विसरा. दहा मिनिटं विसरा की ठाऊक आहे. माझ्यासाठी."

ती उठून गेली. आणि दातवाला विचार करू लागला. तो विचार करत बसला की काहीतरी बिघडतं, हे त्याच्या बायकोने सांगितलं असतं. पण ती तिथे नव्हती.

जेवणाची सुट्टी

गोलकीपर खांबाला टेकून जेवणाचं पाकीट उघडत होता. वय पस्तिशीच्या आसपास, गुडघ्यांना पट्ट्या. दातवाला कठड्यावर कोपरं टेकून उभा राहिला.

"काय रे, किती मॅच खेळलास?"

"बाकावर का मैदानात?"

"मैदानात."

"बाकावर भरपूर झाल्या, काका," कीपर हसला. "आमचा पहिला कीपर लोखंडाचा आहे. त्याला साधी सर्दी होत नाही."

"म्हणजे भरलेल्या स्टेडियमसमोर गोलमध्ये पहिल्यांदाच?"

कीपरने मागे पाहिलं. लोक होते, त्यांच्यामागे पुठ्ठ्याची माणसं होती, पण हो, भरलेलंच दिसत होतं. "तसंच म्हणायचं."

"आणि पहिल्यांदाच उभा राहिलास तो उलट्या बाजूला पडायला."

"त्याचेच पैसे देतायत."

"मूलबाळ आहे?"

"मुलगी. शाळेत जाते."

"सिनेमा दाखवशील तिला? काय सांगशील? बघ, हा तुझा बाबा. चेंडू डावीकडे येणार हे ठाऊक असून उजवीकडे पडतोय."

कीपरचा घास हातातच राहिला.

आपण काय करतोय हे दातवाल्याला त्या क्षणी नीट कळत नव्हतं. त्याला फक्त आपला चेहरा हवा होता. कीपर खरोखर झेपावेल असं वाटलं तरी पुरे, नुसती शंका पुरे. शंका असली की चेहरा आपोआप येईल, मुलीचं काम होईल. जखम न करता दात उपटायचा, इतकं सोपं.

"मी काही म्हणत नाही हो," तो म्हणाला. "मी आपला बघणारा माणूस."

आणि जागेवर येऊन बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

उजेड जाण्याआधी

सावल्या गोलपर्यंत येऊन पोहोचल्या होत्या. प्रकाश मोजणारा माणूस आकाशाकडे बघून डोकं हलवत होता. मुलगी कॅमेऱ्याजवळ उभी राहून नखं खात होती. शाळा सुटल्यापासून तिने हे केलं नव्हतं.

"सगळे तयार?"

कीपरने सिनेमावाल्यांनी दिलेले चकचकीत हातमोजे काढले.

दातवाल्याने पाहिलं.

कीपरने खांबामागच्या पिशवीतून स्वतःचे जुने, बोटांना भेगा पडलेले मोजे काढले. एकेक बोट नीट घालून मनगटाचा पट्टा आवळला. मग दोन्ही हातांवर थुंकला.

अरे देवा.

हा खरंच झेपावणार. आणि त्याला कोपरा ठाऊक आहे. अडवणारच! शाळकरी पोरानेही अडवला असता. गोल नाही म्हणजे शॉट नाही. शॉट नाही म्हणजे...

"अरे ए!" दातवाला अर्धवट उठला. "ऐक! अरे, मी गंमत करत होतो!"

पण इशारा झाला होता, ढोल वाजू लागले होते, सगळी गर्दी छाती फुटेस्तोवर ओरडत होती. "बाबा, बसा!" मुलगी दोन्ही हातांनी खाली खाली असं करत होती. तो बसला. कॅमेरा त्याच्या तोंडासमोर येऊन थांबला. काळी, गोल, न मिटणारी काच.

कीपरने एकदाच वळून मागे पाहिलं आणि मान लववली. आभार मानल्यासारखी.

दातवाल्याची दातखीळ बसली.

जांभई नाही, हसू नाही, अभिनय नाही. मान आपोआप पुढे आली. ओठ हलू लागले. काचेत काय जातंय ह्याचं त्याला भान नव्हतं. भान होतं ते त्या पाठीचं, जुन्या मोज्यांचं, डावीकडे किंचित झुकलेल्या गुडघ्याचं.

कॅमेरा खांद्यावरून सरकला.

शिट्टी.

एक पाऊल, दुसरं, आणि

चेंडू निघाला.

डावीकडे. खाली.

आणि कीपरही डावीकडे.

चेंडू हवेत असताना दातवाल्याला मुलगी आठवली. कानाला फोन लावलेली, पाठ वाकलेली, "हो साहेब, नाही साहेब" म्हणणारी. जा, तो म्हणाला. जा आत. नको अडवूस. पड, खाली पड, तुझे हात मोडोत, जा आत, जा.

टप्.

ढोलांत तो आवाज कुणाला ऐकू आला नाही. गोलच्या मागे बसलेल्यांनाच आला. बोटांना चेंडू लागल्याचा आवाज. मग चेंडू खांबाच्या आतल्या कडेवर आपटला, तिथून रेषेवर,

तिथे जरासा थांबल्यासारखा वाटला,

आणि जाळ्यात.

लोक उठले. दातवाल्याला उठता आलं नाही. कॅमेरा फिरून परत आला तेव्हा तो दोन्ही हातांनी कठडा धरून, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखा रडत होता.

दिग्दर्शक कट म्हणायला विसरला. मग म्हणाला, फार हळू. आणि टाळ्या वाजवू लागला.

नंतर

मुलगी धावतच आली. हसत होती, डोळे पुसत होती. "बाबा! अहो काय केलंत तुम्ही! सर म्हणतायत, असा टेक..."

"काका."

कीपर कठड्यापाशी उभा होता. तोंडावर, छातीवर माती. डावा हात उजव्या हाताने छातीशी धरलेला.

"काका, हात लागला होता ना?"

"कसला हात?" मुलीने विचारलं.

"सांगा ना. सगळे म्हणतायत, छान पडलास, अगदी खरं वाटलं. तुम्ही इथेच होतात. मला कोपरा माहीत होता, काका. माहीत होता, आणि तरी... पण लागला होता ना?"

मागून दिग्दर्शक येत होता. पायऱ्या उतरत, लोकांचे हात हातात घेत, सावकाश.

दातवाल्यापुढे सोपी वाट होती. कसला हात रे, म्हणायचं. पाठीवर थाप मारायची. कीपर निघून गेला असता, मुलगी त्याच्या गळ्यात पडली असती, आणि रात्री घरी बायकोने त्याचं कौतुक केलं असतं, जे फारसं कधी होत नसे.

"लागला," तो म्हणाला. "दोन बोटं लागली. मी पाहिलं. मारणाऱ्याने मारलाच तसा. दुसरा कुणी असता तर त्याची सावलीसुद्धा पोहोचली नसती."

कीपरने मान खाली घालून मोज्यातल्या बोटांकडे पाहिलं.

मुलीने जुन्या मोज्यांकडे पाहिलं. मग डाव्या खांबापासच्या उखडलेल्या गवताकडे. मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, ओठांवर तसंच विसरून राहिलं.

"काय झालं इथे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"काही नाही, सर," मुलगी म्हणाली. "ह्यांची बोटं दुखावलीत. मी बर्फ मागवते."

"बघा नीट त्यांच्याकडे," तो म्हणाला, आणि दातवाल्याला हात जोडून पुढे गेला.

त्याला ऐकू जाणार नाही इतका तो लांब जाईपर्यंत ती थांबली.

"तुम्ही सांगितलंत ह्यांना."

"सांगितलं असं नाही. बोललो."

"आणि अडवला असता म्हणजे?"

"मी तर म्हणत होतो आत जाऊ दे. चेंडू सुटल्यापासून तेच म्हणत होतो, तुझी शप्पथ."

"म्हणजे आधी ह्यांना भरीला घातलंत, आणि मग ह्यांच्याच विरुद्ध बसलात."

मत असायला हवं होतं त्याच्याकडे. प्रत्येक गोष्टीवर असायचं.

"मी जिथे काम करते तिथे परत यायचं नाही, बाबा," ती म्हणाली. ओरडली नाही, हळू बोलायला शिकली होती. "सिनेमा लागला की तिकीट काढून बघा."

ती बर्फ आणायला गेली.

कीपर गवतावर बसून दातांनी मनगटाचा पट्टा सोडवत होता. मोज्यातली बोटं सुजून टम्म झाली होती, मोजा निघत नव्हता. दातवाल्याने कठड्यावर पाय टाकला, पँट अडकली, सोडवली, आणि धपकन पलीकडे उतरला. कीपरसमोर गुडघे टेकून बसला आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

"ओढू नका, काका."

"ओढत नाही."

करंगळीपासून सुरुवात करून तो एकेक बोट सैल करू लागला.