चारवरचा काटा

गोझो बेटावरच्या त्या खाडीत दुपारी पाण्याला जो निळा रंग चढतो, तो पाहून चाळीस वर्षं नाव हाकल्यावरही सालवूला दररोज धन्य वाटायचं. पाहुण्यांना गुहेतून फिरवून आणायचं, पोहायला सोडायचं, आणि मग त्याची बायको दुमिंका टोमॅटो चोळलेला पाव त्यांच्या ओल्या हातांवर ठेवायची, असा दोघांचा उन्हाळा जायचा. काठावर मधाच्या रंगाच्या दगडाचं चर्च होतं, आणि त्यावर दोन घड्याळं. उजवीकडचं खरं; डावीकडचं नुसतं रंगवलेलं, सैतानाला माणसाला न्यायची नेमकी वेळ कळू नये म्हणून. दरवर्षी सणाआधी त्याला नवा रंग देण्याचा मान सालवूच्या घराण्याकडे होता.

यंदा एका पाहुण्याने हसत विचारलं, "मिनिटकाटा सहावर आणि तासकाटा बरोबर चारवर? अशी वेळ कधी होते का? रंगवणाऱ्याला घड्याळ कळत नसावं."

सालवूला ते झोंबलं. या खेपेला त्याने तासकाटा चार आणि पाचच्या अगदी मध्ये रंगवला. साडेचार कसे सुबक वाजले, आणि तो स्वतःच्या हातावर बेहद्द खूश झाला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला दुमिंका पाव कापता कापता थांबली. "काय?" तिने काठाकडे पाहत विचारलं.

"मी कुठे काय बोललो?" सालवू म्हणाला.

"तू नाही रे. तुझ्या हाकेला मी कधी इतक्या लवकर ओ दिलीय?"

पाहुणे हसले, तोही हसला.

तिसऱ्या दिवशी त्याच वेळेला ती काठाकडे तोंड करून अदबीने म्हणाली, "थांबा हं, एवढे हात धुते." चौथ्या दिवशी रणरणत्या उन्हात ती चर्चला जायची काळी शाल डोक्यावरून घेऊन नावेत बसली.

"या उन्हात शाल?"

"उघड्या डोक्याने कसं जायचं?" ती म्हणाली. कुठे, ते तिलाही सांगता येईना.

तेव्हा सालवूने मान वर करून डावीकडच्या घड्याळाकडे पाहिलं. वाडवडिलांना घड्याळ नीट कळत होतं. दिवसात कधीच न येणारी वेळ त्यांनी मुद्दाम रंगवली होती, आणि त्याने मिजाशीपायी ती खरी करून ठेवली होती. दुमिंकावाचून आपलं कसं होईल, या विचाराने तो रात्रभर तळमळला.

पाचव्या दिवशी दुपारी नाव धक्क्याला बांधून, तिला नावेतच बसवून, तो घाईघाईने शिडी चढला. जुना काटा खरवडला, नवा बरोबर चारवर रंगवला, आणि मगच त्याने श्वास सोडला. वरून खाडी इतकी देखणी दिसत होती की क्षणभर त्याने स्वतःला माफ केलं.

"आले हं," खालून दुमिंकाचा शांत आवाज आला. धक्क्याच्या पायरीवर तिने पाऊल ठेवलं होतं.

किती वाजले ते पाहायला सालवूने उजवीकडच्या खऱ्या घड्याळाकडे मान वळवली. मिनिटकाटा सहावर होता, आणि तासकाटा बरोबर चारवर.