टाचणीच्या नावाची फाईल

मित्रांनो, मी बारा कप्प्यांची एक जुनी निळी फाईल आहे. सुरुवातीलाच कबूल करते, ज्या कामासाठी मी सात महिने कुणाच्या ना कुणाच्या काखेत बसून वणवण फिरले, ते काम शेवटी कसं झालं हे मला आजही नीट कळलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता कळलं तर बरंच.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या कारखान्यात झाला. निळ्या प्लास्टिकचे तक्ते यंत्रात जात आणि घड्या पडून बाहेर येत. एका बाईने माझ्या कप्प्यांच्या कडा गरम पट्टीने चिकटवल्या, दुसरीने रबरी दोरी अडकवली, तिसरीने मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि म्हणाली, "हिचा घड्यांचा भाता मजबूत आहे." माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं कौतुक. नंतर वर्षभर एका दुकानाच्या वरच्या फळीवर धूळ खात बसले, आणि मग कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी मला घरी नेलं.

त्या बाईंना मीही आईच म्हणते. त्या घरात सगळे त्यांना आईच म्हणायचे. नवराही मुलीला सांगताना "आईला विचार" म्हणे आणि सासरेही. आईंनी माझ्यात कपड्यांचे कागदी नमुने ठेवले. एका कप्प्यात बाह्या, एकात कॉलरी, एकात खिसे. ती आठ वर्षं माझी सुखाची. कॉलर म्हणजे कॉलर आणि खिसा म्हणजे खिसा, त्यात गोंधळाला जागाच नव्हती. पुढे नमुन्यांसाठी कपाट आलं आणि मी शिलाई मशीनच्या खाली ढकलले गेले. तेलाचे थेंब पडून माझा एक कोपरा काळा झाला. कुणी विचारत नव्हतं. मीही समजून घेतलं होतं.

मग एके दिवशी दुपारी आईंनी मला बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि एक पत्र माझ्या पहिल्या कप्प्यात ठेवलं.

पत्र आईंच्या धाकट्या बहिणीकडून आलं होतं. ती परदेशात एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. शाळेच्या माणसांच्या नात्यातल्या एका मुलाला दर वर्षी तिथे फुकट शिकायला मिळतं, आणि यंदा तिने भाचीचं नाव दिलं होतं. शाळा 'हो' म्हणाली होती. फक्त व्हिसा काढायचा होता. हा 'फक्त' शब्द त्या पत्रात तीनदा होता.

ती भाची म्हणजे आईंची मुलगी, अकरा वर्षांची. घरात तिला टाचणी म्हणत. अंगाने बारीक, बोलणं टोचणारं. तिने आईंचं मशीन आजवर तीनदा खोललं होतं आणि दोनदा नीट जोडलं होतं. मावशीच्या शाळेत मुलांसाठी खरीखुरी कार्यशाळा होती, त्यात मोठी मुलं छोटी इंजिनं बनवायची. त्या कार्यशाळेचा फोटो आला होता. टाचणी तो पाहताना जेवण विसरायची. पण शाळा सुरू होण्याआधी पोहोचलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

टाचणीचे आजोबा टपालखात्यात पत्रं लावायचं काम करून निवृत्त झालेले. माझे बारा कप्पे पाहून त्यांना तरतरी आली. कागदाच्या पट्ट्या कापून त्यांनी प्रत्येक कप्प्यावर नाव चिकटवलं आणि जाहीर केलं की सगळं जागच्या जागी असलं की काम आपोआप होतं. मीही त्यावर विश्वास ठेवला.

तिथूनच गोंधळ सुरू झाला. एक कागद तीन महिन्यांच्या आतला हवा होता, दुसरा निदान सहा महिने जुना. एक ताजा, एक शिळा. शिळा मिळेपर्यंत ताजा शिळा होई, मग तो पुन्हा ताजा आणायला बाबा बस चालवायची पाळी बदलून धावत. बाबा म्हणजे टाचणीचे वडील, शहरातली बस चालवतात, फार बोलत नाहीत. पहिल्या खिडकीवर सांगत, जन्माचा दाखला मूळ हवा. दुसऱ्या खिडकीवर सांगत, मूळ कशाला आणला, हरवला तर? टाचणीचा फोटो काढला तेव्हा तिचा सुळा जागेवर होता, अर्ज द्यायच्या दिवशी पडला होता. आजोबांना चिंता लागली की फोटोतली मुलगी ती हीच, हे कसं पटवायचं? फोटोत तोंड मिटलेलं आहे हे टाचणीनेच त्यांना दाखवून दिलं.

व्हिसा कार्यालयाच्या समोरच्या गल्लीत एक गृहस्थ टेबल टाकून बसत आणि लोकांचे अर्ज भरून देत. सगळे त्यांना अर्जवाले म्हणत. चष्मा कपाळावर, नजर कागदावर. त्यांच्या टेबलावर मी कितीतरी वेळा उघडले गेले. एका दुपारी त्यांनी आईंपुढे एक कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं की परदेशात असेपर्यंत मुलीचा ताबा मावशीकडे राहील. बाबांनी सही केली आणि पेन आईंना दिलं. आईंचा हात कागदावर थांबला.

"ताबा मावशीकडे," आई म्हणाल्या, "मग मी कोण?"

"ताई, हा कागदावरचा ताबा आहे," अर्जवाले म्हणाले. "घरातला नाही."

"मग जन्माच्या दाखल्यावर माझं नाव आहे, ते कागदावरचं की घरातलं?"

अर्जवाल्यांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा वर केला. आईंनी शेवटी सही केली, पण इतकी हळू, की मला वाटलं त्या शिवतायत. तो कागद माझ्या सातव्या कप्प्यात गेला. मी मात्र तेव्हापासून बुचकळ्यात. एका कप्प्यात लिहिलं आहे, ही हिची मुलगी. सातव्यात लिहिलं आहे, हिला मावशीच्या हवाली करा. तिसऱ्यात लिहिलं आहे, ही शिकायला जाणारच. आठव्यात आई, बाबा आणि घर यांचे पुरावे, म्हणजे ही परत येणारच. माझ्या पोटात हे सगळे कागद एकमेकांना टेकून बसले होते आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी आई, बाबा आणि टाचणी सकाळी लवकर निघाले. मी बाबांच्या मांडीवर. थंडगार दालन, रांगेने खुर्च्या, वर नंबर दाखवणारी पाटी. भिंतीवर सूचना होती की खोटी माहिती देणाऱ्याचा अर्ज रद्द होईल. टाचणीला दिसेल ते वाचायची सवय. तिने ती सूचना वाचली, मग आणखी एकदा वाचली.

नंबर आला. काचेपलीकडच्या बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी टाचणीला शाळेचं नाव विचारलं, मावशी काय करते ते विचारलं, कार्यशाळेचं ऐकून थोड्या हसल्यासुद्धा. मग विचारलं, "शिक्षण संपलं की तू परत येणार ना?"

टाचणीने विचार केला. खरंच केला, मी पाहिलं, तिच्या भुवया जवळ आल्या होत्या.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तेव्हा मी अठरा वर्षांची असेन."

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. बारा दिवसांनी बंद पाकीट आलं. त्यात एकच पान होतं. परत येण्याच्या हेतूबद्दल खात्री पटली नाही, म्हणून अर्ज नामंजूर.

त्या संध्याकाळी बाबा बराच वेळ मला हातात धरून बसले, जणू चूक माझ्यात सापडेल. आजोबा मात्र न राहवून म्हणाले, एक 'हो' म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? जग 'हो' म्हणतं आणि पुढे जातं.

"मग भिंतीवर तसं का लिहिलंय?" टाचणीने विचारलं.

टाचणी उठून आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती मशीनच्या जवळ फिरकली नाही. कार्यशाळेचा फोटो तिने माझ्या अकराव्या, रिकाम्या कप्प्यात उलटा करून टाकला. मला तो टोचत राहिला. मलाही समजेना, सहा महिने ही माणसं माझ्यात खऱ्या कागदांची भर घालत होती, प्रत्येकावर 'हे खरं आहे' असा शिक्का मारून आणत होती, आणि एक खरं वाक्य निघालं तर त्यानेच घात केला.

आठवड्याने आजोबांनी पुन्हा तोच विषय काढला. या वेळी आई मशीनवरून उठल्या.

"ती खोटं बोलली असती ना, तर मला जास्त धास्ती वाटली असती," त्या म्हणाल्या. "इतक्या लांब पाठवायची आहे. खरं सांगते एवढाच मला तिचा भरवसा आहे."

आणि दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून आई एकट्याच अर्जवाल्यांकडे गेल्या. शाळा सुरू व्हायला पाच आठवडे उरले होते. अर्जवाले म्हणाले, पुन्हा अर्ज करता येतो, सोबत खुलाशाचं पत्र जोडता येतं. नमुना तयार आहे, 'मी परत येण्याची हमी देते', खाली मुलीचं नाव. आईंनी विचारलं, पत्र मुलीनेच लिहिलं तर चालेल का? अर्जवाले म्हणाले, चालायला काय, पण मुलं काय लिहितील याचा नेम नाही. आई म्हणाल्या, असू दे.

टाचणीने ते पत्र दोन दिवस लिहिलं. आईंनी सांगून टाकलं होतं की आपण ते वाचणार नाही. पण मी वाचलं, मित्रांनो, कारण ते माझ्याच पोटात होतं. त्यात असं होतं:

'तुम्ही विचारलं त्याचं उत्तर मी पुन्हा शोधलं. मला अजून सापडलं नाही. आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. बाबांना विचारलं, ते म्हणाले तू आधी शीक. मला इंजिन शिकायचं आहे हे नक्की माहीत आहे. दर सुट्टीत घरी यायचं आहे हेही नक्की माहीत आहे. आईला सोडून जायला भीती वाटते हे नक्की माहीत आहे. बाकीचं कळलं की कळवीन.'

अर्जवाल्यांनी ते त्या देशाच्या भाषेत उतरवायला घेतलं. शेवटच्या ओळीवर त्यांचं पेन अडलं. ही ओळ काढू का, थोडी सौम्य करू का, असं त्यांनी विचारलं. आई नको म्हणाल्या. मग त्यांनी शब्दाला शब्द लावून सगळं लिहिलं, आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

पुन्हा ताजे कागद शिळे झाले होते, पुन्हा बाबा धावले. पुन्हा तेच दालन, पण खिडकी दुसरी. या वेळी आत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी पत्र वाचलं की नुसतं पाहिलं, कोण जाणे. टाचणीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त पासपोर्ट ठेवून घेतला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, प्रश्न विचारला नाही म्हणजे चांगलं. मग थोड्या वेळाने म्हणाले, की वाईट?

शाळा सुरू व्हायला सहा दिवस असताना पासपोर्ट परत आला. आत व्हिसा होता.

का मिळाला? बाबांचं म्हणणं, खिडकी बदलली म्हणून. आजोबांचं म्हणणं, या खेपेला त्यांनी माझे कप्पे उलट्या क्रमाने लावले होते म्हणून. अर्जवाले सांगत सुटले की पत्रामुळे. आईंनी कुणालाच खोडून काढलं नाही. त्या पासपोर्टवरून बोट फिरवत होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदाचा आहे की रडवेला, हे मला ओळखता येईना. त्यांनाही येत नसावं.

विमानतळावर मला नेलं होतं. आतल्या दारापर्यंतच घरच्यांना सोडत, पुढे विमान कंपनीच्या एक बाई टाचणीला मावशीपर्यंत पोहोचवणार होत्या. आईंनी मला टाचणीच्या हातात दिलं आणि सगळे कप्पे परत एकदा सांगितले. टाचणीने माझ्यातून लागतील तेवढे कागद काढले, पासपोर्टमध्ये घातले, उलटा टाकलेला तो फोटोही घेतला. मग माझी रबरी दोरी लावली आणि मला आईंकडे परत दिलं.

"ही तुझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "तुला मला भेटायला यायचं असेल तर तुलाही कागद लागतील."

आईंनी मला छातीशी धरलं, आणि काचेचं दार मिटलं तरी तशाच उभ्या राहिल्या. बाबांनी दोनदा सांगितलं तेव्हा निघाल्या.

आता मी त्यांच्या मशीनच्या शेजारी, खुर्चीवर असते. माझा तिसरा कप्पा फाटला आहे, त्याला चिकटपट्टी लावली आहे. पहिल्या कप्प्यात कालच आईंनी स्वतःचे दोन फोटो ठेवले. फोटोत हसायचं नसतं, तरी एकात त्या हसल्या आहेत. तो चालेल का, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मी साधी फाईल, शहाणपण सांगायचा माझा अधिकार नाही. तरी एक विनंती करते. कधीतरी तुमच्याही नावाने अशी एक फाईल भरेल. मोठी माणसं ती घेऊन खिडक्या पालथ्या घालतील. त्यांच्यावर रागावू नका, ती तुमच्याहून जास्त गोंधळलेली असतात. पण एकदा ती फाईल मागून घ्या, मांडीवर ठेवून उघडा आणि तुमच्याबद्दल काय काय लिहिलंय ते वाचा. त्यात तुमचं म्हणणं कुठेच नसेल, तर एक कागद तुमच्या हाताने लिहून आत ठेवा. आणि उघडताना जरा हळू उघडा. आमच्या कडा लवकर फाटतात.