ह्यांची मज्जा

"मज्जा तपासावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला फिस्सकन हसू आलं. ह्यांनाही आलं. बाई मात्र हसल्या नाहीत.

"हाडाच्या आतली मज्जा. रक्त तिथं तयार होतं. तुमचं रक्त इतकं कमी का झालंय, काही वाईट तर नाही ना, ते बघायला हवं."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

हे शिलाई मशिनं दुरुस्त करतात. जन्मभर ह्यांच्या तोंडी एकच शब्द. कुणीही विचारो, "काय मेकॅनिक, कसं चाललंय?" उत्तर ठरलेलं, "मज्जा!" दुकानात पाणी शिरलं, मज्जा. पोरगी गणितात नापास झाली, तरी मज्जाच. मी वैतागायचे.

"अहो, घर पेटलं तरी तेच म्हणाल!"

"मग? रडून विझणार आहे का?"

कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टला आठवडा लागणार होता. तेवढ्या दिवसांत ह्यांनी तो शब्द एकदाही काढला नाही. समोरच्या न्हाव्यानं विचारलं, की नुसतं "चाललंय" म्हणायचे आणि मान खाली घालून बॉबिनच्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसायचे. ज्या शब्दानं माझं डोकं उठायचं, तो ऐकायला माझे कान आसुसले. एकदा मीच मुद्दाम विचारलं, "काय हो, कसं चाललंय?"

"चहा टाक," म्हणाले.

आज रिपोर्ट आला. बाईंनी तो दोनदा वाचला. माझा जीव टांगणीला लागलेला.

"वाईट काही नाही," त्या म्हणाल्या. "एक जीवनसत्त्व फार कमी पडलंय. इंजेक्शनं घ्या, रक्त भरेल." मग गालात हसल्या. "मज्जा शाबूत आहे तुमची."

मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच तोंडाला रुमाल लावून रडले. हे नुसते माझ्या पाठीवर थोपटत राहिले.

दुकानाशी आलो तर न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून बाहेर धावला. हातात वस्तरा तसाच.

"काय मेकॅनिक, कसं चाललंय?"

ह्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि खिशात किल्ली शोधायला घेतली. मग भर रस्त्यात मीच ओरडले, "मज्जा!"

न्हावी बघतच राहिला. हे पाठ वळवून कुलूप काढायला लागले. किल्ली काही केल्या लागेना.

मी घाई केली नाही.