नालीतलं औषध

ज्याचा विज्ञानावर विश्वास असतो त्याला भीती शिवत नाही, असं ताडकळसच्या शाळेतले रंगनाथ मास्तर दरवर्षी सातवीच्या पोरांना सांगत. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, बायको रुख्मिणीच्या तापाच्या पंधराव्या दिवशी, त्यांनी म्हसोबाला नारळ कबूल केला. अर्थात कुणी बघत नाही याची खात्री करून.

ताप टायफॉइडचा. मास्तरांची आई धुरपताबाई त्याला मुदतीचा ताप म्हणे; एकवीस दिवस घेतल्याशिवाय तो उतरत नाही, हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं. परभणीच्या डॉक्टरांनी नेहमीच्या कॅप्सूल दिल्या. पुढच्या खेपेला, यंदाचे जंतू औषधाला दाद देईनात, असं ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. पलीकडच्या आळीतली सितारामची सून अशीच आधी पुटपुटायला लागली आणि अठराव्या दिवशी गेली. रुख्मिणी सोळाव्या दिवसापासून पुटपुटत होती.

रोग्याच्या पोटात जाईल ते उकळूनच द्यायचं, हा डॉक्टरांचा दुसरा हुकूम. धुरपताबाईंनी तो मनावर घेतला. पाणी उकळलं, दूध उकळलं, चमचे उकळले, मोसंबीचा रसही उकळला. थर्मामीटर उकळताना फुटला, तेव्हापासून ताप हातानंच बघत.

सतराव्या दिवशी संध्याकाळी रुख्मिणीचा भाऊ बन्सीधर एसटीनं आला. परभणीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो मदतनीस होता. थर्मासमध्ये गोळेवाल्याकडचा बर्फ आणि बर्फात तीन बाटल्या.

"दाजी, ह्याला फाज म्हणतात. जंतू खाणारे विषाणू. डॉक्टरांनी तपासायला घेतलेल्या ताईच्या रक्तातले जंतू काचेच्या बशीत वाढवले, वर ह्याचा एक थेंब टाकला. सकाळी बघतो तर तेवढी जागा साफ."

"आणले कुठून?"

"नालीतून. गाळून घेतलेत की."

रशियात हे औषध देतात, असं त्याचे कॉलेजातले सर म्हणत. इथं कुणाला दिलंय का, यावर तो म्हणाला की ताईच पहिली. एकाचे शंभर होतात, हेही त्यानं कौतुकानं सांगितलं. जंतू संपल्यावर हे शंभर काय खाणार, असं मास्तरांनी विचारलं. बन्सीधर हसला. शेवटची एसटी सुटत होती, ती धरायला पळाला.

उद्या अठरावा दिवस. मास्तरांनी बाटल्या आईकडे दिल्या, रोज सकाळी एक वाटीत ओतून आण म्हणाले. नालीचं नाव काढलं नाही.

सकाळी वाटी हातात आली ती कोमट. जिवंत आहे, मास्तरांच्या मनात आलं. त्यांनी चमचा भरला. बोटावर थेंब सांडला तर त्यांनी बोट तीनदा साबणानं धुतलं आणि तेच औषध बायकोच्या घशाखाली उतरवलं. मग दिवसभर उशाशी बसून राहिले. तिच्या पोटात गुडगुडलं की त्यांना आत कुणीतरी चावतंय असं वाटे.

एकोणिसाव्या दिवशी, दुसरी बाटली पोटात गेल्यावर, रुख्मिणीनं डोळे उघडले, मास्तरांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोणाचे?"

आपण हिला आपल्या हातानं नाली पाजली, एवढंच मास्तरांच्या डोक्यात फिरत राहिलं. तिसरी बाटली फेकून द्यावी म्हणून ते उठले. फेकली आणि काही झालं तर, म्हणून परत बसले. विसाव्या दिवशी तीही पाजली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी रुख्मिणीचं कपाळ ओलं आणि गार लागलं. पाचेक मिनिटांनी तिनं मास्तरांना नीट ओळखलं आणि दाढी का वाढवली म्हणून झापलं. मास्तर मोरीत जाऊन रडले.

दुपारी बन्सीधर आला. अख्ख्या आळीला त्यानं फाज समजावून सांगितला. ताडकळसचं नाव आता सर मुंबईपर्यंत नेणार होते. धुरपताबाईंनी चहा दिला, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "मावशी, बाटल्या थंडच ठेवल्या ना? गरम झालं की ते मरतात."

"थंड कशाला ठिवू, बाबा? रोज खळखळून उकळलं, मंगच वाटीत वतलं. डॉक्टरचा हुकूमच हाय तसा."

बन्सीधर बशीत चहा ओतत होता, तो बशी भरून सांडला तरी ओततच राहिला. मास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं.

तापाचा एकविसावा दिवस होता.