हुते म्हणजे तिथे

पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात पोपटीला एकच नाव होतं, पण त्याचे अर्थ दोन. सिंधीत पोपट म्हणजे फुलपाखरू. गावातल्या अंबूबाईच्या लेखी पोपट म्हणजे पोपट. घरी ती उडायची, गावात बोलायची, आणि सतराव्या वर्षी तिला कळेनासं झालं होतं की आपण नेमकं कुठलं पाखरू.

त्यात आता आई चालू लागली होती.

सिंधमधलं शिकारपूर सोडल्याला आठ वर्षं झाली. आठही वर्षं आई, जेठीबाई, बराकीच्या दाराशी पापड लाटत गप्प बसलेली. आणि या चैत्रात एका दुपारी ती उठली, बोचकं बांधलं नि स्टेशनची वाट धरली. कुणी अडवलं की म्हणायची, "घरु हुते आहे." घर तिथे आहे. पंधरा दिवसांत चारदा असं झालं. बाप टोपणदास सायकलवर कापडाचे गठ्ठे घालून गावोगाव फिरणारा माणूस. तो हबकला, आणि पुण्याहून कुलूप घेऊन आला.

"रविवारपर्यंत समजाव तिला," तो पोपटीला म्हणाला. "घर गेलं म्हणावं. नाहीतर सोमवारपासून मी दार बाहेरून लावून धंद्याला जाणार. गाडीखाली गेली तर काय करू मी?"

चारही वेळा आईला हाताला धरून परत आणलं ते अंबूबाईनं.

"तुझी आय लई शहानी हाय, पोपटे," ती सांगायची. "म्हनती, घर हुतं. मी म्हनलं, व्हय गं बाई, हुतं. माझं रान बी हुतं. मंग बसलो दोघी बाभळीखाली, रडलो उलीसं, आलो."

पोपटीला दोन्ही बोली कळत. आईचं हुते म्हणजे तिथे. अंबूबाईचं हुतं म्हणजे होतं, आता नाही. एक आहे म्हणत होती, दुसरी नाही म्हणत होती, आणि दोघींनाही वाटत होतं की हिला आपलं कळलं. बरं, कळलं नव्हतं म्हणावं, तर अंबूबाईच्या ओट्यावर आई चहा प्यायची, बोलायची, एकदा तर हसलीसुद्धा. खरं सांगावं तर ते हसू जाणार. न सांगावं तर कुलूप.

रविवार उजाडला. जेठीबाईनं बोचक्यात दोन माणसांना पुरतील एवढ्या कोक्या बांधल्या. कांदा घातलेल्या त्या जाड रोट्या प्रवासाला टिकतात.

"अंबू येतेय सोबत," ती म्हणाली. "काल कबूल केलंय तिनं."

पोपटी धावत अंबूबाईकडे गेली.

"कबूल? आगं, तिनं माझा हात धरून हुते हुते केलं. म्हनलं, हिला माझं रान बघायचं आसंल. म्हनलं, चल उद्या, दावते."

तिघी निघाल्या. पोपटी मधे. एका बाजूनं आई विचारायची, काय म्हणते? दुसऱ्या बाजूनं अंबूबाई विचारायची, काय म्हनती? पोपटी दोघींनाही म्हणायची, काही नाही, ऊन आहे म्हणते. मग अंबूबाई आपली आपणच गुणगुणू लागली:

जोंधळ्याचं माझं रान, तारंआड गेलं बाई
पाखराला न्हाई वेस, मला मातुर वाट न्हाई

नव्या कारखान्याच्या कुंपणाशी त्या थांबल्या. आत काळी माती उकरून पायाचे चर खणले होते. अंबूबाईनं तारेतून बोट आत घातलं.

"हितं हुतं," ती म्हणाली.

जेठीबाई गोंधळली. तिच्या कानाला ते आलं: इथे, तिथे.

"हिते या हुते?" इथे की तिथे, तिनं पोपटीला विचारलं. "एक काय ते सांग म्हणावं."

पोपटीला सोमवारचं बाहेरून लावलेलं दार दिसत होतं.

"अम्मा, हिच्या बोलीत हुतं म्हणजे होतं. हिचं शेत इथे होतं. गेलं ते. आणि आपलं घरही हुते नाही, अम्मा. हुतं."

जेठीबाई रडली नाही. अंबूबाईकडे तिनं पाहिलं, आजारी माणसाकडे पाहावं तसं. मग ओढणीच्या टोकानं तिनं अंबूबाईचा घाम पुसला.

"बिचारी," ती म्हणाली. "समोर दिसतंय आणि पाय ठेवता येत नाही. माझं लांब आहे तेच बरं. तिला म्हण, आमच्या घरी चल राहायला. खोल्या खूप आहेत. आधी तिचं सामान बांधायला हवं."

आणि ती वळली. स्टेशनकडे नाही, गावाकडे, अंबूबाईच्या घराच्या वाटेनं.

आईला कळलं, की काहीच कळलं नाही? पोपटीला उमजेना. आई स्टेशनच्या वाटेला पाठ करून चालली होती एवढं खरं. हे बापाला सांगायचं तरी कसं, आणि कुठून सुरू करून?

"काय म्हनती गं?" अंबूबाईनं विचारलं.

"म्हणते, आमच्या घरी चला. राहायला."

अंबूबाईनं पदरानं नाक पुसलं.

"यीन की. पर कंच्या घरी?"

"थांबा," पोपटी म्हणाली. "विचारते." आणि आईच्या मागं भराभर चालू लागली.