मल्हारचा पुकारा

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर पसरलेल्या शांततेत पंख्याची घरघरही परकी वाटू लागली. शिपाई रविराज दारात पाठमोरा उभा होता. पुकाऱ्याला उत्तर आले होते, आणि बाहेरची ओसरी रिकामी होती.

मल्हार हजर होईल, अशी सांगलीच्या त्या न्यायालयात कुणाचीच अपेक्षा नव्हती. मेंढरे घेऊन कोकणात उतरताना तो कुंभार्ली घाटाच्या धुक्यात मागे राहिला, त्या गोष्टीला आता आठवे वर्ष लागले होते. सात वर्षे ज्याचा ठावठिकाणा स्वकीयांना लागत नाही तो मृत मानावा, हा जुना नियम नव्या साक्ष्य कायद्यानेही तसाच ठेवला आहे. त्याच्या आधारे मल्हारची बायको स्वप्नाली दावा घेऊन आली होती. पाचगणीच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाक करी. साताऱ्याचा इंद्रजित तिच्याशी लग्न करायला थांबला होता. पण मल्हार कायद्याच्या लेखी जिवंत असेतो ते लग्न बेकायदा ठरले असते.

वर्तमानपत्रात नोटीस छापून झाली होती. आज प्रतिवादीचे नाव दारातून तीनदा हाकारायचे, कुणी आले नाही की स्वप्नालीची साक्ष घ्यायची, इतकेच उरले होते. हे पुकाऱ्याचे तिला मात्र कुणी आधी सांगितले नव्हते. तिच्या सासरी घाटात हरवलेल्याला नाव घेऊन हाक मारीत नाहीत. "हाकंला येतो त्यो जसा आसंल तसा येतो," असे सासू अंबूबाईने पहिल्याच वर्षी बजावले होते.

आलेले उत्तर शब्दांत नव्हते. मेंढरे वळवताना घालतात तशी ती लांब साद होती; शेवटी खाली घसरणारी, भिजल्या घोंगडीतून गाळून यावी तशी जड.

"कुणीतरी चेष्टा करतंय, मॅडम," रविराज म्हणाला.

"मग आत आणा त्याला," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"कुणाला आनू? ओसरीवर चिटपाखरू न्हाई." आणि तो उंबऱ्यावरून बाजूला झाला, एखाद्याला वाट द्यावी तसा.

बाकावर अंबूबाईने सुनेचे मनगट घट्ट धरले. तिचे ओठ जेमतेम हलले.

"वळखलास न्हवं?"

"आत्ती, तुमी..."

"माजंच पोर हाय त्ये. पर इचारलं तर न्हाई म्हन. तुजं वय हाय अजून."

स्वप्नालीच्या वकील पल्लवी उठल्या. "आवाज रस्त्यावरचा असावा, मॅडम. साक्ष सुरू करण्याची परवानगी द्यावी."

स्वप्नाली पिंजऱ्यात गेली. तिने शपथ घेतली. पण पहिला प्रश्न पल्लवींनी नव्हे, न्यायाधीशबाईंनीच विचारला.

"मघाचा आवाज तुम्ही ऐकलात. तो तुमच्या पतीचा होता का?"

एक 'नाही' म्हटले की सुटका होती. साताऱ्याचे घर होते, इंद्रजित होता. टंकलेखिकेची बोटे कळफलकावर थबकली. अंबूबाईने डोळे मिटून घेतले. उघड्या दारातून ओल्या लोकरीचा वास आत येत होता, आणि मार्चच्या त्या कोरड्या दुपारी फरशीवर दमट पट्टा उमटत चालला होता.

"बाई, उत्तर द्या. हो की नाही?"

स्वप्नालीने पदर खांद्यावरून पुढे घेतला. ती पिंजऱ्याची पायरी उतरली, पल्लवींनी पुढे केलेला हात तिने अलगद दूर सारला, आणि ती ओसरीकडे चालू लागली.