कोंबड्यांची एकादशी

या, जवळ सरका. टाळ ठेवा खाली. बुवांचा चहा व्हायचाय, तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची म्हणा, कोंबड्यांची म्हणा, दोन्ही चालतं.

घाटनांदूरजवळच्या वस्तीवर कडूबाई राहते. गळ्यात माळ, तोंडात नाम, आणि घराला लागून मुलाचं, परमेश्वरचं, ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, वास तेवढा आपला. माल बर्फात गोठून जहाजानं आखाती देशात जायचा.

कडूबाईला जहाजाचं काही नव्हतं. तिला सलायचे ते कोंबड्यांचे पाय. चाळीस दिवसांचं आयुष्य, रात्रंदिवस लाइट चालू, खायचं अन् बसायचं. तिसाव्या दिवशी छातीच्या ओझ्यानं पाय उचलेनासे व्हायचे.

"आपल्या दारातला जीव चार पावलं चालून तरी मरावा," एवढंच तिचं मागणं.

परमेश्वर म्हणायचा, "माय, वजन कमी भरलं तर कंपनी पुढची पिल्लं देणार न्हाई. आन् कोंबडीला कुठं बाजाराला जायचंय?"

अशात लिंबागणेशला भागवत महाराजांचं कीर्तन झालं. काय गळा! महाराज रविवारी रस्सा ओरपतात असं लोक म्हणतात. मी त्यांचं ताट पाहिलेलं नाही, गळा ऐकलाय. त्या दिवशी ते गरजले, "ज्याच्या दारात एकादशीला एक जीव जरी जेवला, त्याची एकादशी मोडली!" त्यांचा रोख चोरून भजी खाणाऱ्या पोरांवर होता. कडूबाईनं मात्र दारातले जीव मोजले. दोन हजार निघाले.

पुढच्या एकादशीला तिनं सकाळीच खाद्याची भांडी दोरीनं वर ओढली. पाणी भरपूर ठेवलं. कोंबड्यांनी शेड डोक्यावर घेतलं.

"गप बसा गं! साठ वर्षं करतेय मी, मेले का?"

दिवस मावळल्यावर कोंबड्यांपुरता उपास सोडला आणि लाइट घालवून सगळ्यांना झोपवलं. मग संकष्टी आली. सोमवार आला. शनिवारानं तरी काय घोडं मारलंय? परमेश्वर दिवसभर ट्रॅक्टरवर, रात्री परत आला की त्याला भांडी खालीच दिसायची. लाइटचं विचारलं की कडूबाई म्हणायची, "वीज गेलती." आमच्याकडं यावर कुणाचाही विश्वास बसतो. बोलताना माळ तेवढी पदराखाली घ्यायची.

माल उचलायच्या दिवशी कोंबड्या भरून नेणारा अबरार जाळीचे खोके घेऊन आला. त्याची गडीमाणसं ढिगातले कांदे उचलावेत तशा कोंबड्या उचलायची, पाय धरून, चार-चार. त्यानं दार उघडून हात घातला आणि कोंबडी पळाली. तिच्यामागं दुसरी. मग अख्खं शेडच उधळलं, थेट तुरीत!

अबरार धापा टाकत आला. "परमेश्वर, काय चारलं बे ह्यांला? दहा वर्षांत पळणारी ब्रॉयलर बघितली न्हाई!"

"काई न्हाई चारलं," कडूबाई म्हणाली. "उपास केले त्यांनी."

कंपनीचा सुपरवायझर अंगद. त्यानं धरलेल्या चार कोंबड्या काट्यावर टाकल्या आणि कपाळाला हात लावला. "आजी, परदेशी ऑर्डर हाय. तिथं वजन बघत्यात, पुण्य न्हाई!"

"मग सांगा त्यांला, वजन कमी हाय. पण उभ्या हायत."

अंगद परमेश्वरकडं वळला. "पुढच्या खेपेला तीन हजार पिल्लं भरा, आन् म्हातारीला शेडात येऊ देऊ नका. न्हाईतर आपला राम राम."

परमेश्वरनं चपलेनं माती उकरली. मग म्हणाला, "साहेब, दर खेपेला मेलेल्या कोंबड्यांची पाटी मी रोज उचलतो. ह्या खेपेला दोनदाच उचलली. मायला शेडातून काढणं मला जमणार न्हाई."

पळाल्या म्हणून वाचल्या, असं सांगितलं असतं तर तुम्हाला गोड वाटलं असतं. पण माळ माझ्याही गळ्यात आहे. माल कंपनीचा, एकेक धरून आणला गेला. कडूबाईनं अबरारला एवढंच म्हटलं, "पायाला धरू नको रे लेकरा. लई उपासानं उभे राहिलेत ते जीव."

अंगद खेकसला, गडी हसले. अबरारनं बाह्या वर सारल्या. पंख मिटवून, दोन्ही हातांनी छातीशी धरून, एकेक कोंबडी त्यानं खोक्यात उभी केली. गड्यांनाही तसंच करायला लावलं. सकाळचं काम दिवस मावळेपर्यंत पुरलं.

कंपनीची पिल्लं पुन्हा आली नाहीत. परमेश्वर अजून अधूनमधून फुगतो, पण गावरान कोंबड्या पाळतो.

बुवा उठले, चला. आज गजर सुरू झाला की एक करा. कडूबाईला देव ओळखतो, तिची काळजी नको. त्या अबरारची तेवढी देवाजवळ आठवण काढा.